संगणकाची डिस्क भरली असतां काय करावें?

गेल्या वर्षीं ह्याच वार्षिकाचा मजकूर छापखान्यांत द्यावयाच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं शाळेच्या संगणकावर आमचे नववीचे दोन विद्यार्थी शेवटचीं पानें लावीत बसले होते. मजकूर जतन करण्याची आज्ञा दिली, तों पडद्यावर सूचना आली कीं, डिस्क पूर्ण भरली आहे, आणखी कांहीं ठेवण्यास जागा नाहीं. दोघेही गडबडले. त्यांतील एकानें डोळ्यांसमोर दिसणारें एक जडसें फोल्डर तत्परतेनें निवडलें व पुसून टाकलें; आणि पुसतांना 'शिफ्ट' ही कळ दाबून धरली, त्यामुळें तें संगणकाच्या कचरापेटींतही न जातां थेट नाहींसें झालें. सहा गिगाबाइट जागा मोकळी झाली, मजकूर जतन झाला, व दोघेही मोठ्या आनंदानें तें आम्हांस सांगावयास आले. त्या फोल्डरमध्यें माजी विद्यार्थ्यांच्या घरून मागून आणलेल्या जुन्या छायाचित्रांच्या प्रती होत्या. मूळ छायाचित्रें ज्यांचीं त्यांस केव्हांच परत दिलीं होतीं.

त्या मुलास आम्ही रागें भरलों नाहीं. त्यापुढची मोठी चूक त्याची नव्हे, आमची होती. ती योग्य स्थळीं सांगूं. हल्लीं पुष्कळ घरीं संगणक आहे, जेथें संगणक नाहीं तेथें फोन आहे, आणि जागा संपल्याची सूचना दोहोंवरही येते. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही एकदां नीट समजून घ्यावा असें आम्हांस वाटलें.

प्रथम डिस्क म्हणजे काय तें पाहूं. संगणकास दोन प्रकारची स्मृति असते. एक चालू कामापुरती. वीज गेली कीं ती पुसली जाते. दुसरी कायमच्या साठवणीची, तीच डिस्क. जुन्या संगणकांत ती खरोखरच चुंबकीय लेप दिलेली फिरती तबकडी असते. नव्या संगणकांत तिच्या जागीं एसएसडी नांवाची, कांहींएक न फिरतां काम करणारी साठवण आली आहे. पण बोलण्यांत दोहोंसही डिस्कच म्हणतात. अशी पहिली डिस्क अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेलें तें कपाटाएवढें धूड होतें, व त्यांत सुमारें पन्नास लक्ष अक्षरें राहत. आजच्या फोननें काढलेलें एखादें छायाचित्र त्यांत कसेंबसें मावलें असतें.

जागा मोजण्याचें माप बाइट हें होय. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, सध्यां सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या पद्धतींत, तीन बाइट लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी हींही स्वतंत्र चिन्हें धरलीं जातात. 'शाळा' ह्या शब्दांत श, काना, ळ, काना अशीं चार चिन्हें, म्हणून बारा बाइट झाले. ह्यावरून मराठी फार जागा खाते असें मात्र कोणी समजूं नये. वार्षिकाच्या एका पानावर दोन हजार चिन्हें धरलीं, तर एका पानास सहा हजार बाइट व शंभर पानांच्या नुसत्या मजकुरास सहा लक्ष बाइट लागतील. फोनवरील साधारण छायाचित्र तीस लक्ष बाइटांचें असतें. म्हणजे तेवढ्या जागेंत असलीं पांच वार्षिकें बसतात! व्हिडिओची गोष्ट तर विचारूंच नये. सेकंदास वीस लक्ष बाइट हा बेताचा हिशेब धरला, तरी तासास ७२० कोटी बाइट, म्हणजे ७.२ गिगाबाइट होतात. तात्पर्य, निबंध व पत्रें पुसून डिस्कवर जागा होत नाहीं, आणि नेमके तेच घाबऱ्या हातांस प्रथम सांपडतात.

जातां जातां एका शंकेचें निरसन करूं. दुकानदारानें ५०० गिगाबाइटची म्हणून दिलेली डिस्क संगणक ४६५ गिगाबाइटचीच दाखवितो, अशी तक्रार पुष्कळ पालक करितात. ह्यांत फसवणूक नाहीं. कारखानदार शंभर कोटी बाइटांस एक गिगाबाइट म्हणतो; विंडोज मात्र १०२४ ला दोन वेळां १०२४ नें गुणून येणाऱ्या १,०७,३७,४१,८२४ ह्या संख्येस एक गिगाबाइट म्हणते. पायली निराळी, धान्य तेवढेंच.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. ग्रंथालयांत जसें सूचीपुस्तक, तशी डिस्कवर एक सूची असते. कोणती फाइल कोठें ठेवली आहे हें तींत लिहिलेलें असतें. फाइल पुसली म्हणजे बहुधा सूचींतील नोंद तेवढी खोडली जाते, व ती जागा मोकळी झाली असें लिहिलें जातें. आंतील मजकूर, त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, जेथल्या तेथें असतो. म्हणूनच फिरत्या डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल, लगेच प्रयत्न केल्यास, पुष्कळदां परत मिळते. एसएसडीवर ही आशा थोडी, कारण मोकळी झालेली जागा ती मागाहून स्वतःच साफ करून टाकते.

परंतु डिस्क काठोकाठ भरली असेल तर? अर्धी रिकामी असलेल्या डिस्कवर नवें लिखाण दुसरीकडे कोठें तरी जाण्याचा संभव असतो. भरलेल्या डिस्कवर दुसरीकडे जागाच नसते. जें आतां पुसलें, तीच काय ती मोकळी जागा, आणि संगणक पुढें जें जें लिहील तें नेमकें त्याच्यावर लिहील. म्हणजे जागा संपल्याच्या घाईंत पुसलेली वस्तु एरवीं पुसलेल्या वस्तूपेक्षां कितीतरी लवकर व कायमची जाते. आमच्या संगणकावर मोकळे झालेले सहा गिगाबाइट हे सगळे त्या छायाचित्रांचे होते. बातमी कळतांच संगणक बंद करावयाचा, तें सोडून आम्हीं काय केलें, तर पुसलेल्या फाइली शोधून देणारा प्रोग्रॅम आंतरजालावरून त्याच संगणकावर, त्याच डिस्कवर उतरवून घेतला! शोधास निघालेल्यानेंच चोराच्या पावलांचे ठसे तुडवावे तसें झालें. दुसरे दिवशीं एका जाणत्या गृहस्थानें ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तेव्हां बहुतेक छायाचित्रें निघालीं. कांहींचा वरचा अर्धा भाग तेवढा आला. मुलांच्या पगड्या व टोप्या दिसत, आणि खालीं नुसता राखी पट्टा. चौदा मुळींच मिळालीं नाहींत.

मग त्या सायंकाळीं काय करावयास हवें होतें? सर्वांत आधीं, पडद्यावर उघडा असलेला मजकूर 'सेव्ह अ‍ॅज' ह्या आज्ञेनें पेनड्राइव्हवर ठेवावयाचा होता. एवढें केलें असतें तर घाई करण्याचें कारणच उरलें नसतें. येथें एक बारकावा आहे. पुष्कळ प्रोग्रॅम जतन करतांना आधीं नवी संपूर्ण प्रत लिहितात व मग जुनी काढतात. त्यामुळें थोडकी दुरुस्ती केली असली तरी सबंध दुसऱ्या प्रतीएवढी जागा लागते. कांहीं प्रोग्रॅम उलट जुनी फाइल आधीं रिकामी करून तींतच नवें लिहूं लागतात. त्यांना मध्येंच जागा अपुरी पडली तर जुनेंही जातें व नवेंही. यास्तव भरलेल्या डिस्कवर पुनः पुनः जतन करून पाहूं नये.

त्यानंतर जागा कोणी व्यापली आहे तें पाहावें. विंडोज १० व ११ मध्यें 'सेटिंग्ज', त्यांत 'सिस्टिम', त्यांत 'स्टोरेज' उघडलें कीं तें दिसतें. विनडर्स्टॅट नांवाचा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो प्रत्येक फाइल तिच्या आकाराएवढ्या रंगीत चौकटीनें दाखवितो, आणि सगळी डिस्क शेतांच्या नकाशासारखी डोळ्यांपुढें येते. (अर्थात् तो आधींच घेऊन ठेवावा, जागा संपल्यावर नव्हे.) आम्हीं मागाहून हा नकाशा पाहिला तेव्हां खरा अपराधी सांपडला. स्नेहसंमेलनाचा तीन तासांचा कार्यक्रम दोन कॅमेऱ्यांनीं टिपलेला होता, म्हणजे ४३.२ गिगाबाइट झाले. आणि तीन निरनिराळ्या शिक्षकांनीं तो आपापल्या फोल्डरांत तीन वेळां उतरवून ठेवला होता! जवळजवळ १३० गिगाबाइट, म्हणजे डिस्कच्या चवथ्या भागाहून अधिक जागा, एकाच कार्यक्रमानें अडविली होती. दोन प्रती दुसऱ्या डिस्कवर हलविल्या असत्या तर एकही छायाचित्र पुसावें लागलें नसतें.

पुसावयाचें ठरल्यावर प्रत्येक वस्तूविषयीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: ही गेली तर पुनः मिळेल काय? आंतरजालावरून उतरविलेले प्रोग्रॅम, एकदां पाहून झालेले सिनेमे, 'डाउनलोड्स' फोल्डरांतील दुहेरी-तिहेरी प्रती ह्या पुनः मिळतात. विंडोजच्या तात्पुरत्या फाइली 'स्टोरेज'मधील सोयीनेंच काढाव्या. नवी आवृत्ति घातल्यावर जुनी विंडोज एका फोल्डरांत कांहीं दिवस राहते. तिचें काम नसल्यास तीही त्याच मार्गानें काढतां येते, पण मग मागील आवृत्तीकडे परत जातां येत नाहीं. नको असलेला प्रोग्रॅम 'सेटिंग्ज'मधून काढावा. त्याचें फोल्डर हातानें पुसूं नये. खुद्द 'विंडोज' ह्या फोल्डरांतील एकाही फाइलीस, ती कितीही मोठी दिसो, हात लावूं नये. छायाचित्रें, घरच्यांचे आवाज, स्वतः लिहिलेलें लिखाण हें पुनः मिळत नाहीं. तें पुसावयाचें नसून हलवावयाचें असतें, आणि हलविल्यावर नव्या ठिकाणीं उघडून पाहिल्याखेरीज जुनें काढावयाचें नसतें.

कचरापेटी, म्हणजे 'रिसायकल बिन', ही त्याच डिस्कवर असते हें ध्यानांत ठेवावें. तींत टाकल्यानें जागा होत नाहीं. ती रिकामी केल्यावर होते. ही अडचण नसून सोय आहे. एक दिवस जाऊं द्यावा, मगच पेटी रिकामी करावी.

पालकांस फोनविषयीं एक इशारा देणें जरूर आहे. फोनमधील छायाचित्रें गूगल फोटोजमध्यें आपोआप साठत असलीं, तर त्या अ‍ॅपमधून एखादें छायाचित्र पुसल्यास तें फोनवरून जातें व तिकडूनही जातें. 'फ्री अप स्पेस' ही निराळी आज्ञा आहे; तिनें तिकडे पोंचलेल्या छायाचित्रांची फोनवरील प्रत तेवढी निघते.

डिस्क मुळांतच काठोकाठ भरूं देऊं नये, हें मोठमोठ्यांनाही सोपें गेलेलें नाहीं. जानेवारी २००४ मध्यें अमेरिकेचें 'स्पिरिट' नांवाचें फिरतें यान मंगळावर उतरलें, आणि तीन आठवडे होण्यापूर्वींच त्याचा संगणक पुनः पुनः बंद पडून सुरू होऊं लागला. असें साठाहून अधिक वेळां झालें. प्रवासांतल्या जुन्या फाइली न काढल्यामुळें साठवणींत फाइलींची इतकी गर्दी झाली होती कीं, सुरू होतांना त्यांची नुसती यादी वाचण्यासही संगणकाची चालू स्मृति पुरेना. पृथ्वीवरील शास्त्रज्ञांनीं ती साठवण न वाचतां सुरू होण्याची आज्ञा पाठविली, मग नको त्या फाइली पुसल्या, आणि यान पुढें २०१० पर्यंत काम करीत राहिलें. दुसरें उदाहरण जमिनीवरचें आहे. २९ ऑगस्ट २०२३ रोजीं टोयोटा कंपनीचे जपानमधील चौदा कारखाने बंद पडले. सुटे भाग मागविण्याची व्यवस्था पाहणाऱ्या संगणकांवर दोन दिवस आधीं जुनी माहिती पुसून नीट लावण्याचें काम झालें होतें, आणि त्यांत डिस्कची जागा संपली. राखीव संगणक होते. पण तेही त्याच व्यवस्थेंत असल्यामुळें त्यांच्यावरही तोच प्रसंग आला. अधिक जागेच्या संगणकावर माहिती हलविली तेव्हां दुसरे दिवशीं कारखाने सुरू झाले. दुसरी प्रत त्याच डिस्कवर असणें म्हणजे दुसरी प्रत नसणेंच होय. आमच्या छायाचित्रांची तर तीही नव्हती.

आतां शाळेंत स्नेहसंमेलनाची एक प्रत कार्यालयाच्या कपाटांतील डिस्कवर व दुसरी शाळेबाहेर ठेविली आहे. संगणकावर निदान शेंकडा पंधरा जागा मोकळी राहील असें पाहिलें जातें, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं ती पाहण्याचें काम, आम्हांस सांगण्यास आनंद वाटतो, त्याच मुलाकडे आहे.

चौदांपैकीं नऊ छायाचित्रें त्या त्या कुटुंबांनीं मोठ्या मनानें पुनः दिलीं. तीन घरीं मूळ फोटो मध्यंतरीं पावसाळ्यांत भिजून गेले होते. शाळेंतील प्रत हीच त्यांची शेवटची प्रत होती. उरलेलीं दोन कोणाचीं होतीं तें आमच्या वहींत नीट लिहिलेलें नाहीं: एक हुतुतूच्या संघाचें, ढालीसह, दुसरें जुन्या विहिरीजवळ काढलेलें सातवीच्या वर्गाचें, ज्यांत एक मुलगा पाठमोरा उभा आहे. ह्यांची प्रत कोणाच्या घरीं असल्यास शाळेच्या कार्यालयांत दाखवावी. समक्ष प्रत काढून घेऊन मूळ तेव्हांच परत देण्यांत येईल.