शोक करणारें मूल
(उपदेशकांच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ)

वाचावयाचे उतारे: उत्पत्ति ३५:१६–२०, ४३:२९–३१, ४५:१–२, ईयोब २:११–१३, योहान ११:१७–३५.

राहेल बन्यामीनाच्या जन्माच्या वेळीं वाटेंतच मरण पावली. याकोबानें तिच्या कबरेवर स्तंभ उभारला, असें शास्त्र सांगतें. परंतु योसेफ तेव्हां रडला किंवा नाहीं, याविषयीं एक शब्दही नाहीं. पुढें मिसर देशांत अधिकारी झालेला हाच योसेफ आपल्या आईच्या पुत्रास, बन्यामीनास, पाहतांच आंतल्या खोलींत जाऊन रडतो, आणि तोंड धुऊन जेवणास बसतो. नंतर तर तो इतक्या मोठ्यानें रडतो कीं, फारोच्या घराण्यास तें ऐकूं जातें. त्या अश्रूंत मातेचाही वियोग होता काय, हें शास्त्र सांगत नाहीं. तथापि लहानपणीं अडलेला शोक बहुत वर्षांनीं वाट काढतो, हें मंडळींत काम करणाऱ्यांस ठाऊक आहे.

बाप मेला म्हणजे थोरल्या मुलास लोक लगेच म्हणतात, "रडूं नको, आतां घरचा कर्ता तूंच." मुलगा असतो बारा वर्षांचा! धाकट्यांस "आई गांवाला गेली" असें सांगतात, आणि तें बिचारें रोज वाटेकडे डोळे लावून बसतें. "देवाला आवडली म्हणून त्यानें नेली," हें वाक्य तर मुलाच्या मनांत देवाविषयीं भयच भरतें. उपदेशकानें तें कधींही उच्चारूं नये. आई मेली, ती आतां घरीं परत येणार नाहीं, आणि तुझ्या कोणत्याही अपराधामुळें ती मेली नाहीं, एवढें स्पष्ट सांगावें. शेवटली गोष्ट मुलानें न विचारतांही सांगावी. 'मीं हट्ट केला म्हणून आई मेली,' असें मनांत धरणारीं मुलें थोडीं नाहींत.

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले. तेवढें त्यांचें सांत्वन उत्तम होतें. बिघाड झाला तो ते बोलूं लागल्यावर. प्रभु तर लाजारास उठविणार होता, तरी मरीयेस रडतांना पाहून तोही रडला. पुनरुत्थानाची आशा असणाऱ्यानें रडूं नये, असें म्हणणाऱ्यांनीं हा अध्याय पुन्हा वाचावा.

पाहुणे परतल्यावर भेटीस जावें. महिन्यानें, नाताळांत व वर्षदिनींही जावें. मृताचें नांव घेण्यास भिऊं नये. मूल घटकाभर रडेल आणि लगेच गोट्या खेळेल. त्यास निष्ठुर म्हणूं नये. मात्र महिनोन्‌महिने अन्न, झोप किंवा शाळा सुटली, तर डॉक्टरांस दाखवावें. मूल स्वतः मरण्याची भाषा करूं लागलें, तर त्यास एकटें न सोडतां त्याच दिवशीं न्यावें. केवळ प्रार्थना करून घरीं परतूं नये.

वर्गांत विचारावें: गेल्या वर्षीं आपल्या मंडळींत कोणतें मूल पोरकें झालें, आणि त्याच्या घरीं आपण शेवटीं केव्हां गेलों?