बचावाची परवानगी दिली, आता अपील कुठे?

प्रश्न : केळझरला आमची शेती आहे. खेडा खरेदीत कापूस नेणाऱ्या व्यापाऱ्याने चुकाऱ्यापोटी २ लाख ४० हजारांचा चेक दिला, तो वटला नाही. वकिलांनी वर्ध्याला समरी दावा लावला. व्यापाऱ्याने प्रतिज्ञापत्रात लिहिलं, कापूस ओला होता, त्यापोटी ७० हजार कापायचे ठरले होते. न्यायालयाने त्याला विनाअट बचावाची परवानगी दिली. लवकर निकाल लागेल ही आशा गेली. या आदेशावर अपील होतं का?
— एक वाचक, केळझर

उत्तर : सरळ अपील होत नाही. अपील हुकूमनाम्यावर होतं, किंवा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४३ मध्ये ज्यांची नावं घेतली आहेत त्या आदेशांवर. बचावाची परवानगी देणारा आदेश त्या यादीत नाही. व्यापाऱ्याला परवानगी नाकारली असती, तर लगेच तुमच्या बाजूने हुकूमनामा झाला असता आणि त्याला अपिलात जाता आलं असतं. हे तुम्हाला एकतर्फी वाटेल. पण तुमचा हक्क या आदेशाने बुडालेला नाही. दावा जिवंत आहे, फक्त आता साक्षीपुराव्याने चालेल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा रस्ता मात्र बंद नाही. संहितेच्या कलम ११५ खाली पुनरीक्षण अर्ज ९० दिवसांत करता येतो. १ जुलै २००२ पासून त्याला कडक अट आहे : आदेश तुमच्या बाजूने झाला असता तर दावाच निकाली निघाला असता, असं दाखवावं लागतं. समरी दाव्यात हा युक्तिवाद करायला जागा आहे. दुसरा मार्ग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालच्या याचिकेचा. पण शालिनी श्याम शेट्टी विरुद्ध राजेंद्र शंकर पाटील या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावलं, की हा अधिकार जपून वापरायचा, त्याचं अपिलात रूपांतर करायचं नाही.

‘न्यायाधीशांचं चुकलं’ एवढ्या बळावर नागपूरला जाऊ नका. १९७६ च्या मेकॅलेक इंजिनिअर्स प्रकरणातही न वटलेला चेकच होता. खालच्या न्यायालयाने विनाअट परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती फिरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयालाच चूक ठरवून मूळ आदेश कायम केला. उलट उदाहरण मुंबईचं. हबटाऊन कंपनीला मुंबई उच्च न्यायालयाने विनाअट परवानगी दिली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलली आणि ४१८ कोटी रुपये भरा किंवा तेवढी हमी द्या, अशी अट घातली. बचाव शक्य वाटतो पण पटत नाही, अशा ठिकाणी पैसे भरायला लावता येतात, असं त्या निकालात स्पष्ट केलं आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ७० हजारांची आहे. कापायचे ७० हजार, म्हणजे उरलेले १ लाख ७० हजार देणं लागतो हे व्यापारी स्वतःच मान्य करतो. समरी दाव्यांच्या आदेश ३७, नियम ३, पोटनियम ५ च्या परंतुकात लिहिलं आहे, की प्रतिवादीने मागणीचा काही भाग कबूल केला असेल, तर तेवढी रक्कम कोर्टात भरल्याशिवाय त्याला बचावाची परवानगी देता येत नाही. हा न्यायाधीशांच्या मर्जीचा प्रश्नच नाही. व्यापाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात ही कबुली स्वच्छ असेल, तर विनाअट आदेश कायद्याला धरून नाही. नागपूरला मांडण्यासारखा मुद्दा हाच. याचिकेत पूर्ण हुकूमनामा मागण्यापेक्षा १ लाख ७० हजार भरण्याची अट मागा. माझ्या मते ती मागणी मान्य होण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

शब्द मात्र नीट पाहा. ‘ठरले होते’ याच्यापुढे ‘उरलेली रक्कम रोख दिली’ असं वाक्य असेल, तर ती कबुली राहत नाही आणि सगळा मामला पुराव्यावर जातो.

नागपूरला जायचं नसेल तरी याच कबुलीवर आदेश १२, नियम ६ खाली तेवढ्या रकमेचा हुकूमनामा वर्ध्यातच मागता येतो. तो देणं न्यायालयाच्या विवेकावर आहे, पण अर्जाचा खर्च नागपूरच्या वाऱ्यांपेक्षा कमी. व्यापारी माल, गाडी, प्लॉट विकून मोकळा व्हायच्या बेतात असेल, तर आदेश ३८, नियम ५ खाली निकालाआधी जप्तीचा अर्जही लगोलग करा. त्यासाठी तो मालमत्ता हलवतोय याचा काहीतरी पुरावा लागेल, नुसती शंका चालणार नाही.

पिकाचं वजन झालेली काटापट्टी, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आणि त्या प्रतिज्ञापत्राची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन वकिलांना भेटा. पुनरीक्षणाचे ९० दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात.