बाळ अडीच किलोच्या वर हवं ना? मग पाळणा लांबवा!



जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलेलं बाळ नाजूक असतं. ते लवकर गार पडतं, दूध नीट ओढत नाही, आजार चटकन जडतो.

असं का होतं? विशीच्या आत दिवस राहिले, किंवा पहिलं मूल अंगावर पीत असतानाच पुन्हा राहिले, तर आईच्या अंगची झीज भरून येत नाही. मग पोटातल्या बाळाला कुठून मिळणार? म्हणून दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. निरोध, गोळ्या, तांबी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आपल्याला कोणतं साधन योग्य, ते नर्सबाईंना विचारा.

दिवस राहिल्यावर :

१. "जास्ती खाल्लं तर बाळंतपण अवघड जातं" ही समजूत सोडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांची पाहणी केली. पालेभाजी, फळं, दूध वरचेवर घेणाऱ्यांची बाळं वजनाला जास्त भरली; फार कष्टाची कामं करणाऱ्यांची कमी.

२. नाचणीची भाकरी, माठ, शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात घ्या.

३. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी घ्या, चहाबरोबर नको.

४. मशेरी, तंबाखू बंद.

५. भाऊ, भातलावणीच्या दिवसांत पाण्याचा हंडा अन् लाकडाची मोळी तुम्ही उचला. सासूबाई, सुनेला शेवटी नका वाढू, आधी वाढा.

पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईंकडे नाव नोंदवा. दर तपासणीला वजन करून घ्या.

आईचं अंग भरलं, तर बाळ भरेल!