नवी कथा-कादंबरी वाचायची, तर खर्च किती?

२०० पानांची नवी मराठी कादंबरी आज साधारण २५० ते ३५० रुपयांना पडते. म्हणजे पानामागे सव्वा ते पावणेदोन रुपये. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात पुस्तकाच्या किमतीवर कर लावलेला दिसला, तर तिथल्या तिथे विचारा. कागदावर मात्र कर आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा तो १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. पण किमती चढण्याचं मोठं कारण वेगळंच आहे. एके काळी मराठी पुस्तकाची आवृत्ती अकराशे प्रतींची असे. आता नव्या लेखकाच्या पाचशे प्रती काढतानाही प्रकाशक दहा वेळा विचार करतो. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च पाचशे प्रतींनाही तेवढाच आणि अकराशेंनाही तेवढाच. तो थोड्या प्रतींवर वाटला गेला की छापील किंमत वर जाते.

म्हणून किंमत बघताना नुसता आकडा बघू नका, पान उघडून बघा. टाइप मोठा, ओळींमध्ये ऐसपैस जागा, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू आणि डावं पान कोरं, शेवटी प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी, असा प्रकार असेल तर पानावर जेमतेम दोनशे शब्द असतात. घट्ट छपाईत तेच सव्वातीनशेपर्यंत जातात. आता हिशोब करा. ३०० पानांच्या सैल कादंबरीत ६० हजार शब्द, २२० पानांच्या घट्ट कादंबरीत ७० हजार. पानाला दीड रुपया धरला, तर पहिली ४५० रुपयांची आणि दुसरी ३३० रुपयांची. जास्त मजकूर स्वस्तात मिळतो तो असा. अर्थात चष्म्याचा नंबर वाढलेल्यांनी हे गणित उलटं मांडावं, त्यांच्यासाठी सैल पानच किफायतशीर.

सवलतीचं म्हणाल, तर दुकानात १० ते २० टक्के सहज सुटतात. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर इथे मागायला लाजू नका. त्याहून बरी प्रकाशनपूर्व सवलत. प्रकाशक पुस्तक छापायला जाण्याआधी नोंदणी घेतात आणि किंमत पुष्कळ खाली आणतात. यात एकच पथ्य पाळा: 'लवकरच' या शब्दावर पैसे भरू नका, तारीख विचारा. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव, साहित्य संमेलनातली ग्रंथदालनं, गावोगावची प्रदर्शनं, इथे सवलतीपेक्षा मोठा फायदा म्हणजे पुस्तक हातात घेऊन चार पानं वाचता येतात.

घरबसल्या मागवणाऱ्यांचं नुकसान होतं ते टपालात. समजा, ३०० रुपयांचं पुस्तक १५ टक्के सवलतीने २५५ ला मिळालं आणि टपालखर्च ५० रुपये लागला. झाले ३०५, म्हणजे सवलत घेऊन पाच रुपये जास्तच गेले. चार पुस्तकं एकत्र मागवली किंवा शेजारच्या दोघांना सोबत घेतलं, तरच सवलत खिशात राहते. टपाल खात्याची स्वस्त बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. मधल्या काळात, मे २०२५ मध्ये, 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ही सोय अभ्यासाच्या पुस्तकांसाठी आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्यासाठी आहे. कथासंग्रह त्यात बसेल का, हे पाकीट चिकटवण्याआधी खिडकीवर विचारून घ्या.

आता मुद्द्याचं. मर्यादित पैसे असतील तर कथासंग्रह विकत घ्यावा आणि जाड कादंबरी आधी ग्रंथालयातून आणावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक नेमकं उलटं करतात. ४५० पानांची कादंबरी भरपूर ऐवज वाटतो म्हणून घेतात, साठाव्या पानावर खूण घालतात आणि ती खूण वर्षभर तिथेच राहते. कथासंग्रहात दोन कथा फसल्या तरी उरलेल्या पाच-सहा हाती लागतात. शिवाय त्यातल्या बऱ्याच कथा आधी दिवाळी अंकांत येऊन गेलेल्या असतात. ग्रंथालयात जुन्या अंकात त्या लेखकाची एक कथा वाचून बघितली, तर फसगत टळते. आणि संग्रह एकदा संपला की दुसऱ्या आवृत्तीची वाट बघत बसावं लागतं. कादंबरीला पुरस्कार मिळाला तर ती लगेच पुन्हा छापतात, कथेच्या नशिबी तेवढी घाई क्वचित येते.

ग्रंथालयाची वर्गणी गावोगाव वेगळी, पण सहसा दोन महिन्यांची वर्गणी एका नव्या पुस्तकाच्या किमतीहून कमीच भरते. अनामत परत मिळते, तेव्हा पावती जपून ठेवा. 'नवीन काही येत नाही हो' ही तक्रार करण्याआधी मागणीच्या वहीत पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव लिहा. शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानातून पुस्तकं घ्यावीच लागतात. वाचकाने नाव सुचवलं नाही, तर खरेदी याद्यांवरून होते आणि कपाटं कशाने भरतात ते तुम्ही बघताच. साताऱ्याकडे जाणं झालं, तर भिलारच्या पुस्तकांच्या गावात बसून वाचायला काहीच पडत नाही.

ई-पुस्तक सहसा छापील किमतीपेक्षा स्वस्त असतं. परदेशातल्या मराठी वाचकाला तर तोच शहाणपणाचा मार्ग, कारण तिकडे पुस्तकापेक्षा टपाल महाग. बुकगंगा आणि किंडलवर मराठी कथा-कादंबऱ्या आहेत, ऐकायच्या असतील तर स्टोरीटेल. महिन्याची वर्गणी भरण्याआधी तुम्हाला हवी ती दोन-तीन पुस्तकं तिथे आहेत का, हे शोधून मगच पैसे भरा. दर आणि यादी, दोन्ही बदलत असतात.

व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ फुकट दिसते, पण ती लेखकाच्या पैशांची चोरी असते. दहा टक्के मानधन धरलं, तर ३०० रुपयांच्या पुस्तकामागे लेखकाला ३० रुपये मिळतात, पाचशे प्रतींची अख्खी आवृत्ती संपली तर १५ हजार. दोन-अडीच वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकाचे हे पैसे आहेत. पदपथावरची निम्म्या किमतीतली कोरी प्रत हीही बहुधा चोरीचीच: पुसट शाई, वाकडी कापलेली कड, दुसऱ्या वाचनात सुटणारी पानं.

काय घ्यावं? गेल्या काही वर्षांतल्या पुस्तकांतून निवडायचं, तर किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' हा संग्रह विकतच घ्या. २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्या वर्षी कथेला मान मिळाला याचा मला जास्त आनंद झाला. प्रवीण दशरथ बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' (२०२२ चा पुरस्कार) सावकाश वाचायची कादंबरी आहे; ती आधी ग्रंथालयातून आणा, मग ठरवा. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (२०२३ चा पुरस्कार) धरणग्रस्तांची आहे. विस्थापित माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जातो, एवढ्या कथानकावर ती उभी आहे, आणि भाषेसाठी संग्रही ठेवण्याजोगी आहे. तरुण लेखकांत प्रणव सखदेव यांची 'काळे करडे स्ट्रोक्स' आणि २०२५ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळालेली प्रदीप कोकरे यांची 'खोल खोल दुष्काळ डोळे' आळीपाळीने, मित्राशी वाटून वाचा.

यंदा एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर देविदास सौदागर यांची 'उसवण' घ्या. तुळजापूरच्या या लेखकाला तिच्यासाठी २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या बाजारात मागे पडत गेलेल्या शिंप्याची ही गोष्ट दोन बैठकांत संपते, आणि आकाराने लहान असल्यामुळे खिशालाही परवडते.