शेताचा एकच पत्ता : नकाशे व भू-नोंदींची एकवाक्यता

एकाच शेताची माहिती आज अनेक ठिकाणी लिहिली जाते. महसूल खात्याच्या सातबारावर, भूमी अभिलेख विभागाच्या गाव नकाशावर, माती परीक्षणाच्या पत्रिकेवर, पीक पाहणीत आणि केंद्र शासनाच्या योजनांच्या याद्यांत. प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर असूनही त्या एकमेकींशी जुळत नाहीत, असे वारंवार आढळून येते; आणि त्याचा भुर्दंड खात्यांना नव्हे, तर शेतकऱ्यास सोसावा लागतो. गारपिटीनंतर पंचनामा एका क्रमांकाने व मदतीची यादी दुसऱ्या क्रमांकाने निघाली, म्हणजे पैसे अडतात. एका शासनाने वा खात्याने मोजलेली माहिती दुसऱ्यास जशीच्या तशी उपयोगी पडावी, हा २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाचा रोख आहे. परंतु ती माहिती मूळ जन्मते गावातच, हे ध्यानात घ्यावयास हवे.

प्रथम नावाचा व क्रमांकाचा विचार करू. वडगाव व पिंपळगाव या नावांची गावे आपल्या राज्यात किती आहेत, हे टपाल खात्यासच विचारावे! म्हणून २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास स्वतंत्र सहा अंकी क्रमांक देण्यात आला. कागदावर गावाच्या नावाशेजारी त्याचा सांकेतिक क्रमांक लिहिला, तर पुढील पुष्कळ घोटाळा टळतो. गावाच्या आतील गुंता मात्र जुना आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जेथे योजना अमलात आली, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तरीही एखाद्या जुन्या विहिरीची नोंद सर्व्हे नंबरावर आणि त्याच शेताचा आजचा सातबारा गट नंबरावर, अशी स्थिती राहते. अशा वेळी दोन्ही क्रमांक लिहावेत आणि कोणता जुना व कोणता चालू, हे स्पष्ट करावे. जमिनीच्या तुकड्यास भू-आधार क्रमांक मिळाला असल्यास तोही नोंदवावा. केंद्र शासनाच्या योजनेत हा क्रमांक चौदा स्थानांचा असून शेताच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून तो बनविला जातो.

क्षेत्राच्या मापात तर फारच दक्षता हवी. सातबारावर १.२० हेक्टर असलेले क्षेत्र कोणी १ एकर २० गुंठे असे वाचले, तर काय होते ते पाहा. १.२० हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर ३८½ गुंठे. चुकीच्या वाचनाने जवळजवळ निम्मे शेत कागदावरून नाहीसे झाले, आणि बियाणे, खत, नुकसानीची रक्कम या सर्वांचा हिशेब त्यामागून चुकत गेला. आकड्यापुढे माप लिहिल्यावाचून कागद पुढे पाठवू नये.

आता भ्रमणध्वनीने घेतलेल्या स्थानाकडे वळू. महाराष्ट्रात अक्षांश सुमारे १५ ते २२ व रेखांश ७२ ते ८१ या दरम्यान असतात. पहिला आकडा लहान व दुसरा मोठा, ही खूण कायम ध्यानात ठेवावी. १९ व ७४ यांची अदलाबदल केली, तर आपले बाजरीचे शेत नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडते! ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक अधिक घातक. यंत्राने १९.५० अंश दाखविले असता ते १९ अंश ५० मिनिटे असे लिहिण्याचा प्रमाद होतो. अर्धा अंश म्हणजे ३० मिनिटे. त्यामुळे येथे २० मिनिटांचा फरक पडला आणि शेत सुमारे ३७ किलोमीटर उत्तरेस सरकले. ते दुसऱ्या तालुक्यात गेले तरी आकडा मात्र खराच भासतो. यास्तव दशांशातील आकडा दशांशातच, जसा दिसेल तसा उतरवावा, आणि शेताच्या मध्याजवळ उभे राहूनच तो घ्यावा. बांधावर घेतलेले स्थान सहज शेजाऱ्याच्या गटात जाते.

याखेरीज एक अडचण नकाशांच्या पायाशी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे सर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या मापांवर बेतलेले होते. भ्रमणध्वनी १९८४ ची जागतिक पद्धत वापरतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुल्या नकाशांना हीच जागतिक पद्धत लागू केली. दोन पद्धतींचे आकडे रूपांतर न करता एकत्र मांडले, तर विहीर, ओढा, रस्ता सारेच अनेक मीटरांनी सरकते. हे रूपांतर कार्यालयात होऊ शकते, मात्र आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे त्याच्यासोबत लिहून आले पाहिजे.

गाव नकाशाची गोष्ट याहून निराळी. तो साखळीने मोजून काढलेला असल्यामुळे त्यावर अक्षांश-रेखांश मुळीच नसतात. तो उपग्रहचित्रावर बसवावयाचा, तर जमिनीवर व नकाशावर दोन्हीकडे सापडतील अशा खुणा लागतात. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील दगड, हीच त्यांतील सर्वांत भरवशाची खूण होय. ट्रॅक्टरच्या नांगरटीत हे दगड उपटले जातात व पुढे घराच्या पायरीला लागतात. ग्रामसभेच्या वेळी शिवारातील असे दगड कोठे शाबूत आहेत याची यादी करावी, प्रत्येकाचे स्थान दशांशात लिहावे आणि तिची एक प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे पाठवावी. हे काम पेरणीपूर्वी, शिवार मोकळे असताना, दोन दिवसांत उरकते.