नासाविवरातील सौम्य वाढ आणि नेत्रगामी नाड्या

डोळ्यामागे किंवा टाळूवर महिनोन्महिने दुखते, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण जळगाव-धुळ्याकडील वैद्यास नवा नाही. अनंतवात किंवा अर्धावभेदक समजून नस्य, शिरोलेप सुरू होतो व पुष्कळांस उपशयही मिळतो. मात्र सुश्रुतांनी सांगितलेल्या अकरा शिरोरोगांपैकी अनंतवाताच्या वर्णनात नेत्रविकारही आला आहे, याचे आम्हांस येथे स्मरण करून द्यावेसे वाटते. शिरःशूलाबरोबर एका वस्तूच्या दोन दिसणे, पापणी खाली येणे किंवा एका डोळ्याची दृष्टी मंदावणे ही लक्षणे असतील, तर जतूक अर्थात स्फेनॉइड विवराचा विचार झालाच पाहिजे.

हे विवर कवटीच्या तळाशी, नाकाच्या अगदी मागे असते. त्याच्या बाजूच्या भिंतीलगत दृष्टिनाडी व मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी असते. डोळा फिरविणाऱ्या नाड्याही तेथूनच जातात. मधले अस्थिपटल कागदासारखे पातळ, क्वचित मुळीच नसते. म्हणून श्लेष्मा साठून फुगलेला म्युकोसील किंवा बुरशीचा गोळा कर्करोग नसूनही नाडी दाबतो. साध्या क्ष-किरण चित्रात तो सहज निसटतो. सीटी स्कॅन, आणि नाडीवर दाब असल्यास एमआरआयही करावा लागतो.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी रूढ केलेल्या दुर्बीण-पद्धतीमुळे चेहऱ्यावर छेद न घेता नाकपुडीतूनच विवराचे नैसर्गिक मुख रुंद करता येते. म्युकोसीलमध्ये तेवढ्याने निचरा होतो; नाडीला चिकटलेले अस्तर खरवडण्याची गरज नसते, किंबहुना ते टाळणेच हिताचे. बुरशीचा गोळा पूर्ण काढला की सहसा बुरशीनाशक औषध लागत नाही. इन्व्हर्टेड पॅपिलोमा मात्र मुळासकट काढावा लागतो, कारण तो पुन्हा वाढतो व काही रुग्णांत कर्करोगाचे रूप घेतो.

दाब निघाल्यावर दुहेरी दिसणे बहुधा ओसरते. दृष्टीचे तसे नाही. ती पूर्ण जाऊन काळ लोटला असेल तर परतण्याची आशा थोडी. अशा रुग्णास नस्याचा आणखी एक आठवडा देऊन पाहू नये. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय महाविद्यालय येथे नेत्र व नाक-घसा विभागांत त्याच दिवशी पाठवावे, चिठ्ठीत दृष्टिदोष कधी सुरू झाला तो दिवस लिहावा. मधुमेही रुग्णाचा गाल बधिर असेल किंवा नाकात काळी खपली दिसली, तर हा सौम्य विकार नव्हे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिलेला म्युकरमायकोसिस असू शकतो, तेथे तासांचा हिशेब असतो.

शस्त्रक्रियेनंतर नस्य केव्हा द्यावे, हे शल्यचिकित्सकाने दुर्बिणीतून व्रण भरल्याची खात्री केल्यावरच ठरवावे.