दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर: पृथ्वीगोल व दोरा
(इयत्ता सहावी व सातवी : भूगोल)

भिंतीवरील जगाच्या नकाशावर दोन शहरे पट्टीने जोडावयाची व नकाशाच्या प्रमाणावरून अंतर काढावयाचे, ही रीत अनेक शाळांतून रूढ आहे. प्रस्तुत लेखकानेही ती अनेक वर्षे वापरली. एकदा एका मुलाने मुंबई व न्यूयॉर्क यांमधील अंतर पृथ्वीगोलावर दोरा लावून काढले. ते पट्टीच्या अंतराहून कमी भरले. म्हणून त्याचे उत्तर चुकीचे ठरवून त्यास खाली बसविले. चूक त्या मुलाची नव्हती. ती पुन्हा घडू नये, यासाठी हा पाठ.

साहित्य : ३० सें.मी. व्यासाचा पृथ्वीगोल, बारीक दोरा, मोजपट्टी.

कृती : प्रथम विषुववृत्तावर दोरा गुंडाळून मोजावा. तो सुमारे ९४ सें.मी. भरेल. विषुववृत्ताची खरी लांबी सुमारे ४०,००० कि.मी.; म्हणजे १ सें.मी.ला सुमारे ४२५ कि.मी. नंतर मुंबई व न्यूयॉर्क यांवर दोरा ताणून धरावा व तो कमीत कमी लांबीचा होईपर्यंत सरकवावा. ही लांबी सुमारे २९.५ सें.मी. येईल.

२९.५ × ४२५ = १२,५३७.५, म्हणजे सुमारे १२,५०० कि.मी.

दोरा कोठून जातो, हे मुलांकडूनच वाचून घ्यावे. सपाट नकाशावरील रेघ अरबस्तान व उत्तर आफ्रिका ओलांडते. दोरा मात्र अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर व आइसलँड यांवरून जातो. मुलांना आश्चर्य वाटेल. कारण सोपे आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ कि.मी. असतो, ६० अक्षांशावर तो निम्म्याने आखूड होतो. सपाट नकाशा मात्र दोन्ही सारखेच दाखवितो.

पडताळा (शिक्षकांसाठी) : मुंबई विमानतळ १९.१ उ., ७२.९ पू.; न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ उ., ७३.८ प. रेखांशांतील फरक १४६.७ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा व रेखांशफरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवावा. बेरीज सुमारे −०.३८६ येते. हा ११२.७ अंशांच्या कोनाचा कोसाइन होय. ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३० कि.मी.

सूचना : हे अंतर कमीत कमी होय. वारा, हवामान व बंद हवाई हद्द यांमुळे विमानाचा प्रत्यक्ष प्रवास याहून अधिक होतो. पृथ्वीगोल नसल्यास मोठ्या चेंडूवर ध्रुव व विषुववृत्त आखून ठिकाणे अक्षांश-रेखांशांनुसार मांडावीत.

शेवटी एकच विनंती. मुलाचे उत्तर आपल्या उत्तराहून वेगळे आले, तर त्यास खाली बसविण्यापूर्वी दोरा पुन्हा एकदा लावून पाहावा.